पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार

बीड, मुलींचे वसतिगृह
१२ ऑगस्ट २०२४

मामू, सलाम.

फोन केला असता, पण तुम्हाला फोनवरचं धड ऐकू येत न्हाई, आणि खोलीत आम्ही चौघी. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी न्हाई. म्हणून कागद घेतला.

मला वीसपैकी चार गुण पडले. चार! तेही लेखनकौशल्याच्या पेपरात. जी पोरगी नववीपासून तहसीलसमोर तुमच्या टेबलावर बसून लोकांचे अर्ज लिहीत आली, तिला लिहिण्यात चार. आणि जिला एक ओळ सरळ लिहिता येत न्हाई तिला अकरा. माझं डोकंच फिरलं.

विषय होता 'माझी सकाळ'. मी लिहिलं, 'उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे नमूद करते की, मी दररोज सकाळी सहा वाजता उठते. सदर वेळी वसतिगृहात पाणी येत असल्याने प्रथम पाणी भरण्याची कार्यवाही करण्यात येते.' यात चुकलं काय, सांगा? एक शब्द अशुद्ध न्हाई. समास सोडलाय, तारीख टाकलीय, खाली 'आपली विश्वासू' लिहून सहीसुद्धा केलीय. आमच्या विजयमाला मॅडमनी लाल शाईने शेरा मारला, 'हा अर्ज आहे. कुणाकडे केलास, सूर्याकडे?' वरून वर्गात वाचून दाखवला. पोरं बाकं बडवून हसली. आता मला सगळे 'तहसीलदार' म्हणतात. मेसमध्ये वाढणारी बाईसुद्धा म्हणाली, तहसीलदार, आमटी घ्या.

एकूण तीन निबंध आहेत, साठ गुणांचे. चोवीस पाहिजेत, न्हाई तर पेपर गेला. आणि अब्बांची अट तुम्हाला ठाऊक हाय. एका पेपरात जरी गेलीस तर बॅग भरायची, पाटोद्याला परत यायचं आणि मामूच्या टेबलावर बसायचं. मला परत यायचं न्हाई, मामू. तुमच्यावर राग न्हाई, पण मला शिकायचं हाय. घरात आपण दखनी बोलतो, कागदावरची मराठी मला तुम्हीच दिली. आता तुम्हीच सांगा, माझ्या लिहिण्यात कमी काय हाय?

तुमची,
आरजू


तहसील कार्यालयासमोर, पाटोदा
दि. १९/०८/२०२४

विषय : तुला चार गुण दिल्याबाबत.
संदर्भ : तुझे दि. १२ चे पत्र.

बेटा आरजू, दुवा.

तुझे पत्र मिळाले. वाचून अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षे मी या लिंबाखाली बसून अर्ज लिहितो. किती साहेब आले आणि बदलून गेले, पण चाँद अर्जनविसाचा कागद 'समजत नाही' म्हणून कोणी परत केला न्हाई. तुझी सदर मॅडम कोण लागून गेली? तिला म्हणावं, एक दिवस इथं येऊन बस आणि तुझ्या भाषेत एखाद्या म्हाताऱ्याच्या शेताचा रस्ता मोकळा करून दाखव.

तरी पण गुण तिच्या हातात आहेत, सबब नीट ऐक. वाचणारा साहेब दमलेला असतो. माणूस कोण हे त्याला आधी कळलं पाहिजे. म्हणून पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार, हे सगळ्यात वर. निनावी कागद म्हणजे रद्दी. मग जे घडलं ते. जे सिद्ध करता येत न्हाई ते लिहू नये. आणि रडगाणं तर मुळीच न्हाई. टेबलावर माणूस तासभर रडला तरी कागदावर एक ओळ. साहेबाला पुरावा लागतो, आसवं घेऊन तो काय करणार?

'आपली विश्वासू' मात्र काढून टाक. तेच बाईंना खटकलं असेल.

तुझी अम्मी रोज तुझी खबर विचारते. चार गुणांचं मी सांगितलेलं न्हाई.

तुझा मामू,
चाँद


बीड
२४ सप्टेंबर २०२४

मामू, सलाम.

तीन.

तुमचं ऐकलं आणि चाराचे तीन झाले. या वेळचा विषय 'आईचे हात'. मी लिहिलं, 'आमिनाबी अल्ताफ शेख, वय ४३, धंदा घरकाम व शिवणकाम, रा. पाटोदा. उजव्या मनगटावर भाजल्याची खूण, लांबी अंदाजे दोन इंच. डाव्या तर्जनीस सुई टोचल्याचे व्रण, संख्या मोजता आली नाही.' सगळं सिद्ध करता येण्यासारखं! मॅडम म्हणाल्या, "अगं, हा पंचनामा झाला. तुझी आई जिवंत आहे ना?" पुन्हा वर्ग हसला. मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून लई रडले.

मॅडम मागून आल्या. बाई वाईट न्हाईत, हे कबूल करायला मला आवडत न्हाई, पण न्हाईत. म्हणाल्या, "आरजू, तुला सगळं दिसतं. आईची खूण दोन इंच आहे हे कुणी बघत नाही, तू बघितलंस. पण ते बघून तुला काय झालं? ते लिही. वाचणाऱ्याचा घसा दाटून आला पाहिजे."

मला ते येत न्हाई, मामू. खरंच येत न्हाई! पेन उचललं की हात आपोआप 'सदर' लिहितो. मनातलं लिहायला गेलं की तुमचा आवाज ऐकू येतो, काढ ते, साहेबाला काय करायचंय. चार वर्षं तुम्ही माझ्या ओळी खोडल्या. तुम्ही मला लिहायला शिकवलं का गप्प बसायला? कावून असं केलंत?

आता शेवटच्या निबंधात वीसपैकी सतरा पाहिजेत. आमच्या वर्गात आजवर कुणाला चौदाच्या वर पडलेले न्हाईत. तुमचा सल्ला आता नको. दुवा तेवढी करा.

आरजू


पाटोदा
दि. ०१/१०/२०२४

विषय : सल्ला न देण्याबाबत.

बेटा आरजू, दुवा.

सल्ला देत न्हाई. तुझ्या ओळी मी खोडल्या हे कबूल. कारण ऐक. बाई घरातलं सांगते ते भरवशावर सांगते. ते सगळं कागदावर आलं तर तो कागद दहा टेबलांवरून फिरतो, दहा जण वाचतात आणि चहा पिता पिता हसतात. म्हणून खोडतो. हे तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

एवढं मनाला लावून घेऊ नको. न्हाईच जमलं तर काय बिघडतंय? टेबल तुझंच हाय. समोर कॉम्प्युटरवाल्याने दुकान थाटलंय, गर्दी तिकडं जाते, पण शुद्ध लिहिणारं माणूस त्याच्याकडे न्हाई. तू आलीस तर त्याची काय बिशाद. माझा हात हल्ली थोडा कापतो. किरकोळ हाय, दुर्लक्ष करावे.

तुझा मामू,
चाँद


बीड
११ डिसेंबर २०२४

मामू! अठरा!

वीसपैकी अठरा! मॅडमनी गुण वाचले तेव्हा मी चुकून मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाचे तर न्हाईत? आज मेसमध्ये मी तहसीलदारासारखी ऐटीत बसले.

विषय होता 'मला भेटलेली एक व्यक्ती'. मी छबुबाईंवर लिहिलं. आठवतात ना? खडकवस्तीच्या. मी दहावीत होते तेव्हा त्या वेगळं रेशनकार्ड मागायला आल्या होत्या. तुम्ही एकच ओळ लिहिली होती, 'अर्जदार ही पती सुग्रीव यांचेपासून विभक्त राहत आहे.' पण त्या तासभर बोलल्या होत्या, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून सगळं ऐकलं होतं. त्या रानातून थकून यायच्या तर नवरा चुलीत पाणी ओतून ठेवायचा. अकरा दिवस. अकरा दिवस त्यांनी बांधावर बसून कच्च्या शेंगा खाल्ल्या, आणि बाराव्या दिवशी तवा काखेत मारून भर दुपारी पारासमोरून चालत बहिणीकडे निघून गेल्या.

तो सगळा तास मी कागदावर उतरवला. 'सदर' एकदाही आलं न्हाई! शेवट तर असा जमला की वाचताना मॅडमचाच घसा दाटला. आणि तुमचंही ऐकलं बरं का. पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार, पहिल्याच ओळीत. मॅडम म्हणाल्या, या ओळीने बाई समोर उभी राहते, राहू दे. कॉलेजच्या वार्षिकांकात छापणार आहेत. वर्गातला अजिनाथ आजवर माझ्याशी धड बोलत नव्हता, तो आपणहून येऊन म्हणाला, खडकवस्ती आमच्या शेजारचीच हाय, भारी लिवलंस.

चार, तीन आणि अठरा. पंचवीस झाले, लागतात चोवीस. एक गुण वर! अब्बांना तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून त्यांना पटतं.

तुमची,
आरजू


पाटोदा
दि. १८/०२/२०२५

विषय : वार्षिकांकातील पान ३१ बाबत.

आरजू,

तुझा अठरा गुणांचा निबंध काल वाचला. पुस्तकात न्हाई, मोबाइलवर. अजिनाथ म्हणून कोणी पोरगा हाय, त्याने त्या पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो घरोघर गेला. सुग्रीव पारावर बसतो, पुतण्याकडून वाचून घेतो आणि हसतो. हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं.

छबुबाई सुग्रीव तांबारे, वय ४६, धंदा मजुरी, रा. खडकवस्ती, ता. पाटोदा. कोणाला शंका राहू नये म्हणून तालुकासुद्धा टाकलास. अगं, अर्जाला पूर्ण नाव लागतं कारण अर्ज कचेरीत जातो! निबंध कचेरीत जातो का? एवढी साधी गोष्ट तुला कळू नये? टेबलावर ऐकलेलं टेबलावर राहतं, हे मी पत्रात लिहिलं होतं, तेही वाचलं न्हाईस. आणि ती तुझी मॅडम, एवढी शिकलेली, तिला तरी अक्कल पाहिजे होती.

आज सकाळी बायनाबाई म्हणून एक बाई आली. पदराखाली कागद होता. बसली. मी म्हटलं, सांगा. तिने माझ्याकडे बघितलं, मग तुझ्या स्टुलाकडे बघितलं, आणि उठली. म्हणाली, "कॉम्प्युटरवरच करते भाऊ. तिथं काई सांगावं लागत न्हाई." एकतीस वर्षांत या टेबलावरून असं कोणी उठून गेलं नव्हतं.

छबुबाई आलेली न्हाई. मी तिच्याकडे जायची हिंमत केलेली न्हाई.

चाँद


बीड
२४ फेब्रुवारी २०२५

मामू, सलाम.

तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

चुकलं. माझं लई चुकलं. पण मला एकदा बोलू द्या. तुम्ही म्हणालात, नाव लिही, मनातलं लिहू नको. मॅडम म्हणाल्या, मनातलं लिही. मी शहाणी, मी दोघांचंही ऐकलं! नाव पण लिहिलं आणि मन पण लिहिलं, आणि दोन्ही माझं नव्हतं, छबुबाईंचं होतं. हे मला कुणी सांगितलं न्हाई, आणि माझं मला सुचलं न्हाई, याची मला जास्त चीड येतेय. अजिनाथला जिन्यात गाठून मी वाट्टेल ते बोलले. तो रडवेला होऊन म्हणाला, मी कौतुकानं टाकला होता. त्याला तरी काय बोलू, छापायला मीच दिलं.

सोबत छबुबाईंसाठी वेगळी चिठ्ठी हाय. त्यांना वाचता येत न्हाई, तुम्हीच वाचून दाखवा. तुम्हाला जड जाईल, मला ठाऊक हाय, तरी जा. त्या म्हणतील ते करीन. म्हणाल्या तर निबंध परत घेते. मग सात गुणांवर राहीन आणि अब्बा न्यायला येतील. येऊ द्या.

आरजू


पाटोदा
दि. ०४/०३/२०२५

बेटा आरजू,

मी गेलो होतो. छबुबाई धाकट्या बहिणीच्या रानात ज्वारी काढत होती. तिथंच बांधावर तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. ऐकून घेतलं, विळा खाली ठेवला आणि म्हणाली, मी सांगते ते लिव, एक शब्द इकडचा तिकडं करू नगंस. म्हणून न खोडता लिहितो.

'आरजू, तुजी चिठी आयकली. माफी बिफी ऱ्हाऊ दे. नाव छापलंस त्येचं काय एवडं? नाव माजंच हाय. चुलीत पानी वतलं हेबी खरं, शेंगा खाल्ल्या हेबी खरं. पानी सुग्रीवनं वतलं, लाज त्येला पायजे. मी कावून लाजू? पन शेवटाला तू लिवलंस का अंगठा देताना ही रडली, आसवं पडून शाई फिसकटली. कवा रडले गं मी? तू समूर बसली व्हतीस ना? मी अंगठा दिला, शाई पदराला पुसली, आन तुज्या मामूला म्हनलं, पुन्ना येकदा वाच. त्या घरातून निगाले तवा समदा पार बगत व्हता. येकालाबी माज्या डोळ्यात पानी दिसलं न्हाई. तीन वर्सं सुग्रीव त्येच्यावरच जळत व्हता. आता तू त्येला आसवं दिलीस. त्यो सांगत फिरतोय, बगा, रडतच गेलती, पुस्तकात छापून आलंय. बाकी समदं ऱ्हाऊ दे. तेवडं रडनं माजं न्हाई, ते काडून टाक.'

एवढं सांगून ती परत ज्वारीत गेली. मला पाणी विचारलं, चहा विचारला न्हाई.

बेटा, ती रडली नव्हती हे मलाही ठाऊक होतं. मी समोरच होतो. पण तुझा निबंध वाचताना मी नावावरच अडून बसलो, ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

चाँद


बीड
१४ मार्च २०२५

मामू, सलाम. हे छबुबाईंनाही वाचून दाखवा.

खरं हाय. त्या रडल्या नव्हत्या. वाचणाऱ्याचा घसा दाटावा म्हणून मी आसवं घातली. मला सतरा गुण पाहिजे होते आणि नुसतं पदराला शाई पुसून सतरा पडतील असं मला वाटलं न्हाई.

मी पत्र मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "घसा दाटला पाहिजे, हे मीच बोलले होते." मग शुद्धिपत्र छापून घेतलं. उरलेल्या सगळ्या अंकांत मी आणि अजिनाथने बसून ते चिकटवलं, बोटं खळीने बरबटली. 'पान ३१. शेवटच्या चार ओळी लेखिकेने मनाने रचल्या आहेत. छबुबाई रडल्या नव्हत्या. त्यांनी शाई पदराला पुसली आणि अर्ज पुन्हा वाचायला सांगितला.' एक प्रत सोबत पाठवते. अजिनाथने त्याचाही फोटो त्याच ग्रुपवर टाकला. तो मात्र कुणी पुढे पाठवला न्हाई. आसवं असती तर पाठवला असता मेल्यांनी.

आता गुण. विषय खऱ्या माणसाचा होता आणि शेवट खोटा, म्हणून मॅडमनी अठराचे पंधरा केले. भांडायला तोंड न्हाई. चार, तीन, पंधरा. बावीस. दोन गुणांनी गेले, मामू. दोन! वही भिंतीवर फेकून मारली, मग खोलीतल्या पोरींनी काही विचारायच्या आत उचलून आणली. मे महिन्यात एक निबंध पुन्हा देता येतो, पण अब्बांची अट ती अट. मी त्यांना अजून सांगितलेलं न्हाई. तुम्ही सांगा. मी बॅग भरून ठेवते.

आरजू


पाटोदा
दि. २१/०३/२०२५

बेटा आरजू, दुवा.

बॅग रिकामी कर.

शुद्धिपत्र छबुबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला काय वाचून दावतोस, मला म्हाईतच हाय. पारावर वाच. म्हणून काल खडकवस्तीला गेलो. सुग्रीव होता, पुतण्या होता, आणखी दहा-बारा माणसं होती. कागद थरथरत होता म्हणून दोन्ही हातांनी धरला. मला माझा आवाज नीट येत न्हाई, त्यामुळे फारच मोठ्याने वाचलं असावं, कारण हातपंपावरच्या बायासुद्धा घागरी खाली ठेवून बघायला लागल्या. शेवटची ओळ दोनदा वाचली. सुग्रीव म्हणाला, "तुजं काय काम बे हितं?" मी म्हटलं, वाचायचं. कोणीतरी हसलं, आणि या वेळी ते त्याला हसलं. तो चप्पल घालून निघून गेला.

संध्याकाळी तुझ्या अब्बाच्या, अल्ताफच्या गॅरेजवर जाऊन तुझ्या दोन गुणांचं सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला आणि विचारलं, आणायला कधी जाऊ? तेव्हा मला मान खाली घालावी लागली. बेटा, ती अट अल्ताफची न्हाई, माझी हाय. तू बीडला गेलीस त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे बसून ती त्याच्या गळी उतरवली. माझा हात किरकोळ कापत न्हाई. एक ओळ लिहायची तर दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागतं. हे पत्र लिहायला दोन दिवस लागलेत. मला तू टेबलावर पाहिजे होतीस, आणि ते तुला तोंडाने मागायची मला लाज वाटली.

अल्ताफला हे सगळं सांगितलं. तो माझ्याशी बोलायचा बंद झालाय, पण तुला न्यायला येणार न्हाई. तुझ्या अम्मीने तर मला जेवायला वाढलं आणि ताट आपटलं.

आणखी एक. तुझं तीन गुणांचं पत्र आलं त्या दिवशी मी खूश झालो. लिंबाखालच्या सगळ्यांना माझ्याकडून चहा पाजला. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं न्हाई.

मे महिन्यातला निबंध माझ्यावर लिहायचा असेल तर लिही. चहाचं पण लिही.

तुझा मामू,
चाँद